गोलात केलेल्या सह्या

ऑफिसात मला सगळे 'युनियन' म्हणायचे. मी कंपनीच्या एचआरमध्ये, म्हणजे युनियनच्या बरोब्बर समोरच्या बाजूला. शिवाय ज्या देशात आम्ही राहतो तिथे युनियन ही गोष्टच नाही. त्यामुळे त्या नावातली गंमत सगळ्यांना कळायची. मलाही कळायची, आणि मला ते नाव आवडायचं.

नाव मिळालं ते अमेरिकन फुटबॉलमुळे. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या ऑफिसचे साहेब अमेरिकन होते. दर उन्हाळ्यात ते दहा जणांची फँटसी लीग काढायचे. प्रत्येकाने खरे खेळाडू निवडून आपापला कागदावरचा संघ करायचा, आणि खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण मिळायचे. एका वर्षी दहावा माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी मला विचारलं. साहेबांना नाही कसं म्हणायचं, म्हणून मी हो म्हटलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की त्या खेळातला चेंडू लांबट असतो आणि त्याला पायाने फारसं कुणी मारत नाही.

खेळ मला अजूनही अर्धाच कळतो. करार मात्र पहिल्या महिन्यातच कळले, कारण करार हेच माझं काम. कुणाला किती वर्षांची हमी आहे, गुडघा गेला तर काय मिळणार, क्लब एखाद्याला दुसरीकडे जाण्यापासून कसा अडवू शकतो, खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी केलेल्या सामूहिक करारात काय लिहिलंय. मनखूलच्या घरापासून ऑफिसपर्यंतच्या मेट्रोत मी हे सगळं वाचत बसायची. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी विचारलं की हा खेळाडू असा का वागतोय, की मी लिहायची. लांबलचक, मुद्देसूद. मग बाकीचे लिहायचे, "युनियन बोलली म्हणजे विषय संपला." पंधरा वर्षं नोकरी करून माझं कुणी असं ऐकून घेतलं नव्हतं.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या जुलैतली ही गोष्ट. माझ्या संघात मी ज्याला सर्वांत आधी घ्यायचं ठरवलं होतं, तो रनिंग बॅक सरावशिबिराला गेलाच नाही. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून सरळ समोरच्या गर्दीत घुसणारा माणूस. सर्वांत जास्त मार त्यालाच बसतो, आणि तिशीच्या आत त्याचं शरीर संपतं. याचा एक वर्षाचा करार शिल्लक होता. तो म्हणाला, नवा करार द्या, मगच येईन. गैरहजेरीबद्दल रोजचा दंड बसत होता, तरी तो घरी बसून राहिला. याला तिकडे होल्डआउट म्हणतात.

ग्रुपवर दोन तट पडले. सेल्समधला एक लेबनीज सहकारी होता, तो माझा कायमचा विरोधक. तो म्हणायचा, "सही केली होती ना? खलास. आता वर्ष पूर्ण कर." त्यावर मी लिहिलं की सही करताना त्याच्यासमोर दुसरा पर्याय होता का? क्लबला वाटलं तर क्लब त्याला 'कट' करून, म्हणजे करार मोडून, उद्या घरी पाठवू शकतो, मग सहीचं ओझं त्याच्या एकट्याच्याच डोक्यावर का? काम थांबवणं एवढी एकच गोष्ट त्याच्या हातात आहे, ती वापरली म्हणून तो गद्दार कसा? साहेबांनी माझ्या त्या मेसेजला टाळ्यांचे चार हात लावले. साहेब स्वतःही खेळाडूच्या बाजूचे होते. घरी माझ्या नवऱ्याने त्या खेळाडूचा पगार डॉलरमधून दिरहममध्ये आणि दिरहममधून रुपयांत करायचा प्रयत्न केला आणि शून्यं मोजताना सोडून दिला. तेव्हा सोळा वर्षांची असलेली माझी मुलगी मात्र या सगळ्यात रंगून जायची. संघनिवडीत ती माझी भागीदार होती.

त्याच आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

आमची कंपनी कारखान्यांना माणसं पुरवते. दुबईच्या उत्तरेला, रास अल खैमातल्या एका टाइल्सच्या कारखान्यात पॅकिंगला आमचे बत्तीस जण होते, सगळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. त्या सकाळी ते कामाच्या बसमध्ये चढलेच नव्हते. साहेबांनी मोबाइल पुढे केला. त्यावर एका कागदाचा फोटो होता. "हे मराठी आहे ना? काय लिहिलंय?"

कागदाच्या मधोमध अर्ज होता, आणि अर्जाभोवती गोलात सह्या. बांगडीवर नक्षी असावी तशी नावं फिरत गेली होती. पहिलं नाव कुठलं आणि शेवटचं कुठलं ते सांगता येणार नाही, अशी. मी असं काही याआधी पाहिलं नव्हतं. का केलंय ते मात्र मला तत्काळ कळलं, आणि साहेबांनाही कळलं.

अर्जात तीन मागण्या होत्या. शिफ्ट सुटल्यावर बस वेळेवर यावी. बसमधला एसी दुरुस्त करावा. बस येईपर्यंत बसायला सावली असावी. खाली कारण लिहिलं होतं: बस रोज तास-दीड तास उशिरा येते, तोवर सगळे गेटबाहेर उन्हात उभे असतात, आणि गेल्या शनिवारी आमच्यातले एक वयस्क गृहस्थ उभ्याउभ्या कोसळले. पगाराबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि अक्षर इतकं सुंदर होतं की छापलेलं वाटावं.

"तू जा," साहेब म्हणाले. "तुझी भाषा आहे. त्यांना बसमध्ये बसव."

कंपनीच्या गाडीतून मी निघाले. ड्रायव्हर पेशावरचा, वयाने माझ्याहून मोठा, मोजकं बोलणारा. शारजा मागे पडलं, वाळू लाल होत गेली, आणि मी वाटेत काय बोलायचं ते ठरवत होते. मला भीती वाटत नव्हती. खरं सांगायचं तर हुरूप आला होता. आपल्यालाच हे जमेल असं वाटत होतं.

कामगारांचा कॅम्प म्हणजे दुमजली लांबट इमारत, मध्ये अंगण, वाळत घातलेल्या लुंग्या आणि गणवेश. माणसं जिन्याच्या पायऱ्यांवर बसली होती. गाडीतून बाई उतरलेली पाहून ती उभी राहिली. मी नमस्कार करून म्हटलं, "बसा हो, उभे का राहिलात? मीसुद्धा चिपळूणचीच."

मी चिपळूणची नाही. माझ्या आईचं आजोळ चिपळूणजवळ होतं आणि मी तिथे आयुष्यात दोनदा गेले आहे. मी डोंबिवलीत वाढले. पण त्या एका वाक्याने त्यांचे चेहरे कसे बदलले ते मी पाहिलं. कुणी आतून खुर्ची आणली. सगळ्या कॅम्पात तेवढी एकच धड खुर्ची असावी. कुणी चहा टाकला. 'मॅडम'ची 'ताई' व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

मग ते बोलले. एकदम नाही, एकेक करत. शनिवारी कोसळलेले गृहस्थ पुढे येऊन बसले होते. ते म्हणाले, "मला काय झालं नाय ताई, जरा चक्कर आली एवढंच. यांनीच उगाच मनाला लावून घेतलं." त्यांच्या कोपरावर खरचटल्याची लांब खूण होती. दुसरा म्हणाला, "ताई, काम करायला आमची ना नाय. कामाचं काय वाटत नाय. पण काम सुटल्यावर ते उभं राहणं जीव घेतं."

मी सगळं वहीत लिहून घेतलं. मला खरोखर वाईट वाटत होतं, हेही खरं आहे. मी म्हटलं, "बस मी करते. एसीही करते. हे काही मोठं नाही, पहिल्यांदा फोन का नाही केलात?"

"केला होता," मागून कुणी म्हणालं. "सुपरवायझरला चार वेळा सांगितलं."

"आता मला सांगितलंत ना. पण आजची शिफ्ट बुडवू नका. कारखान्याने तक्रार केली तर माझ्याही हातात काही राहणार नाही. दुसरी बस मागवलीय, त्यात बसा."

ते एकमेकांकडे बघू लागले. मग जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर बसलेला एक चाळिशीचा माणूस बोलला. सावळा, किडकिडीत, शर्टाची वरपर्यंत बटणं लावलेली. "ताई, एक विचारू? यात कुणा एकाचं नाव तर नाही ना पुढे जाणार?"

"नाही," मी म्हटलं. "माझा शब्द."

ते बसमध्ये चढू लागले. मी दाराशी उभी होते. त्या गडबडीत, हसतहसत, मी शेजारच्या एकाला विचारलं, "अर्ज फार छान लिहिलाय हो. अक्षर कुणाचं एवढं सुंदर?"

तो लगेच अभिमानाने म्हणाला, "ह्यांचं, गुहागरकरांचं. गावात सगळ्यांचे अर्ज हेच लिहायचे." आणि त्याने जिन्याच्या खालच्या पायरीवरच्या मघाच्याच माणसाकडे बोट दाखवलं. ते लाजून हसले. "कुठलं काय ताई. सवय आहे एवढंच."

हा प्रश्न मी सहज विचारला की मुद्दाम, हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलं आहे. सहज विचारला असं म्हणायला मला आवडलं असतं. पण विचारताना माझ्या मनात कुठेतरी साहेबांचा चेहरा होता, एवढं मला आठवतं.

परतीच्या वाटेवर, गाडी अजून अर्ध्या वाटेत, उम्म अल क्वैनजवळच असेल, साहेबांचा फोन आला. मी सांगितलं, सगळे कामावर गेले, मागण्या साध्या आहेत, बसवाला कंत्राटदार बदलला की विषय मिटतो.

"छान. आणि हे सुरू कुणी केलं?"

"सगळ्यांनी मिळून."

"कागद सगळ्यांनी मिळून लिहिला नसेल. कुणीतरी एकाने लिहिलाय. कळलं का कोण?"

इथे मला 'नाही' म्हणता आलं असतं. त्यांनी पुन्हा विचारलं नसतं. धमकी नव्हती, माझ्या नोकरीचा प्रश्न नव्हता. प्रमोशनही नव्हतं. सह्या गोलात होत्या, मराठी वाचणारी ऑफिसात मी एकटी. मी फक्त गप्प राहायचं होतं. पण साहेबांनी विचारलं 'कळलं का', आणि मला कळलं होतं. ग्रुपवर कुणी प्रश्न टाकला की उत्तर देण्यासाठी बोटं जशी शिवशिवायची, तसंच झालं. आपल्याला माहीत आहे हे दाखवल्यावाचून मला राहवलं नाही. मी नाव सांगितलं. आडनावासकट, आणि त्यांच्या विनंतीवरून कर्मचारी क्रमांकही सोबतच्या यादीत बघून सांगितला.

"गुड वर्क," साहेब म्हणाले. आणि लगेच, त्याच दमात, "बाय द वे, पाहिलंस का? आपला रनिंग बॅक अजून सरावाच्या कॅम्पला आलेला नाही. आज क्लबच्या मालकाने मुलाखत दिलीय. भयंकर बोललाय."

फोन ठेवल्यावर मी ती मुलाखत वाचली. मालक म्हणाला होता की एका माणसाने संपूर्ण संघाला वेठीला धरू नये. मला संताप आला. खरा संताप, नाटकी नाही. गाडीत बसल्याबसल्या मी ग्रुपवर लिहिलं: जो एकटा पुढे होतो त्याच्यामुळे मागच्या सगळ्यांचं भलं होतं, आणि म्हणूनच मालक सर्वांत आधी त्या एकाला वेगळं काढतो. हे वाक्य माझंच. ग्रुपवर ते अजूनही असेल. साहेबांनी त्यावर अंगठा दिला.

दर वेळी रास अल खैमाहून येताना ड्रायव्हर एका पेट्रोल पंपावर करक चहासाठी गाडी थांबवायचा. त्या दिवशी त्याने थांबवली नाही. मी म्हटलं, "भाईसाब, आज चाय नहीं?" तो समोर बघत म्हणाला, "आज रहने दीजिए, मॅडम." मला वाटलं, त्याला घाई असेल.

बस बदलली. चार दिवसांत एसीची नवी बस सुरू झाली आणि कारखान्याने गेटशी पत्र्याची शेड टाकली. गुहागरच्या माणसाचा करार रद्द करायचं त्याच आठवड्यात ठरलं. कागदोपत्री कारण 'कामगारसंख्येची फेररचना' असं होतं. ते वाक्य मी लिहिलं. नोटिशीचे दिवस, तिकीट, सगळं नियमाप्रमाणे. त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. मी साहेबांना एकदा म्हटलं, "गरज आहे का? प्रश्न तर सुटला." ते म्हणाले, "प्रश्न सुटला म्हणूनच. आता बाकीच्यांना वाटेल असं केलं की सुटतो." ते वाईट माणूस नव्हते. ते शांतपणे, समजावणीच्या सुरात बोलले, आणि मी मान डोलावली.

शेवटच्या सह्यांसाठी गुहागरकर ऑफिसला आले तो दिवस गुरुवार होता. माझ्या टेबलासमोर बसले. तीच वरपर्यंत लावलेली बटणं, पायात धुतलेले सेफ्टी शूज, कारण दुसरे नसावेत. मी एकेक कागद पुढे सरकवत होते आणि ते सही करत होते. देवनागरीत, तशीच सुंदर. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "घरी कोण कोण असतं?"

"आई, बायको, दोन मुली." मग पेन खाली ठेवून ते म्हणाले, "ताई, बस फार चांगली आहे. सगळे तुमचं नाव घेतात."

मला मान वर करता आली नाही. मी स्टेपलर शोधत राहिले.

उठताना ते थांबले. "एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात अक्षर चांगलं आहे म्हणून. ते खरंच आवडलं होतं, की..."

"खरंच आवडलं होतं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. नमस्कार करून लिफ्टकडे गेले.

त्यांना माहीत आहे, हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. कदाचित कळलंही असेल. कारण मी उठून त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले नाही.

त्याच दिवशी दुपारी पँट्रीत केक आला. आदल्या रात्री त्या रनिंग बॅकने नव्या करारावर सही केली होती. हमीची वर्षं, हमीचे पैसे, जवळपास मागितलं तेवढं सगळं. तो क्लबपुढे झुकेल अशी पैज लेबनीज सहकाऱ्याने लावली होती, ती तो हरला, म्हणून केक त्याचा. साहेबांनी सुरी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांना म्हणाले, "युनियनने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. धरून बसला तर जिंकेल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी केक कापला. एक तुकडा साहेबांना भरवला. चॉकलेटचा होता, आणि मला लाज वाटते सांगायला, चांगला लागला.

घरी मुलगीही खुशीत होती. आमचा पहिला खेळाडू परत आला होता. जेवताना तिने बातमीतली माहिती वाचून दाखवली, मग अचानक विचारलं, "मम्मा, दोज रास अल खैमा गाइज, ते बसवाले. दे वेअर ऑल्सो होल्डिंग आउट, राइट?"

बस न घेतलेल्या माणसांची गोष्ट मी त्या मंगळवारीच घरी सांगितली होती, पण माझ्या यशाची गोष्ट म्हणून. मी म्हटलं, "हो, तसंच काहीसं."

"सो हू वॉज देअर एजंट? क्लबशी त्यांच्या वतीने कोण बोललं?"

तिच्या जगात ते उघड होतं. खेळाडू असला की त्याचा एजंट असतो, तो त्याच्या बाजूने बोलतो. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी बोलले ना. मीच त्यांना नवीन बस मिळवून दिली."

"नाइस," ती म्हणाली. "अँड नोबडी गॉट कट?"

"नाही," मी म्हटलं. "कुणीच नाही."

त्या दिवसात मी सर्वांत शांतपणे उच्चारलेलं वाक्य तेच. भात वाढून घेतला आणि जेवले.

त्या हंगामात माझा संघ लीगमध्ये दुसरा आला. पुढच्या वर्षी मी साहेबांना सांगितलं की मुलीचं बारावीचं वर्ष आहे, मला वेळ नाही. माझी जागा दुसऱ्या कुणी घेतली. नोकरी मात्र सोडली नाही. सोडायला हवी होती असं कुणी म्हणेल. मुलीची फी, घराचं भाडं, व्हिसा, सगळं माझ्या आणि नवऱ्याच्या नोकऱ्यांवर चालतं, आणि तसंही, नोकरी सोडून मी कुणाचं काय परत केलं असतं? हे मी स्वतःला पटवण्यासाठी म्हणते आहे की ते खरं आहे, मला सांगता येत नाही. रास अल खैमाला मी त्यानंतर गेले नाही. काही ना काही कारण काढून दुसऱ्याला पाठवत राहिले.

गुहागरच्या त्या माणसाचा गावाकडचा फोन नंबर फाइलमध्ये होता. दीड वर्षाने, एका शुक्रवारी दुपारी, घरात कुणी नसताना मी तो लावला. काय बोलायचं ते ठरवलं होतं. दुबईतल्या एका ओळखीच्या कंपनीत स्टोअरकीपरची जागा होती, ती त्यांना सुचवायची, आणि मग जमलं तर बाकीचं.

फोन त्यांनीच उचलला. मागे यंत्राचा आवाज होता. मी कोण ते सांगितलं. ते म्हणाले, "बोला ताई." काजूच्या कारखान्यात आहे म्हणाले, गावापासून जवळच, रोज घरी येता येतं. मुली बऱ्या आहेत. मी स्टोअरकीपरच्या जागेबद्दल सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "नको. आता तिकडे नाही यायचं."

मग मी म्हटलं, "मला तुम्हाला एक सांगायचं होतं. त्या वेळी तुमचं नाव साहेबांना मी सांगितलं."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"त्याच संध्याकाळी कळलं. तुमचा ड्रायव्हर पुढच्या फेरीला आला होता, त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. म्हणाला, भाई, सामान बांधून ठेव."

"मग त्या दिवशी ऑफिसात तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"बोलून काय झालं असतं? तुम्ही कागद पुढे करत होतात, स्टेपलर समोर असून शोधत होतात. मला वाटलं, हिलाच आधी काहीतरी होईल." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, माया तर नव्हतीच. जे दिसलं ते सांगत होते. "बाकी कुणाला मी सांगितलं नाही. बस मिळाली होती. पुढे त्यांना तुमच्याकडेच पुन्हा काही मागायला जावं लागणार होतं."

मी माफी मागितली. बरंच बोलले बहुधा. माझा शब्द, चिपळूण, सगळं. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ताई, राग नका मानू, पण आज फोन कशाला केलात? दीड वर्ष झालं."

मी खरं ते सांगितलं. "मला बरं वाटावं म्हणून."

"वाटलं का?"

"नाही."

"मग मी तरी काय करू," ते म्हणाले. मागून कुणी हाक मारली. "चला, मला काम आहे. मुलीला आशीर्वाद सांगा." आणि फोन बंद झाला. मला एक मुलगी आहे हे त्यांना कधी सांगितलं ते मला आठवत नव्हतं. बहुतेक जिन्यापाशी, चहा पिताना, त्यांचा विश्वास बसावा म्हणून.

मुलगी आता शिकायला बाहेरदेशी आहे. गेल्या सुट्टीत ती आली तेव्हा विमानतळावरून घरी येताना मी तिला सगळं सांगितलं. गाडी मीच चालवत होते, त्यामुळे तिच्याकडे बघावं लागलं नाही. तिने ऐकलं. त्या माणसाचं नाव विचारलं, मी सांगितलं. त्यांच्या मुलींची वयं विचारली. ती मला माहीत नव्हती. घराजवळचं करामा ओलांडेपर्यंत ती काचेबाहेर पाहत होती.

मग म्हणाली, "यू टोल्ड मी नोबडी गॉट कट."

"हो. खोटं सांगितलं."

मनखूलला घराखाली गाडी लावल्यावर तिने आपली बॅग स्वतः उतरवली. एरवी मी दुसरी बाजू धरते. त्या दिवशी तिने धरू दिली नाही, आणि मी आग्रह केला नाही. तिच्या मागून, हातात फक्त गाडीची किल्ली घेऊन, मी लिफ्टकडे गेले.